वरचा ओठ

लुई आर्मस्ट्राँगचे उतारवयातले, जवळून काढलेले फोटो निरखून पाहिले तर वरच्या ओठाच्या मधोमध एक व्रण दिसतो. घट्टा पडल्यासारखा, कातडी जून झालेली. ते जगप्रसिद्ध हसू, हातातला पांढरा रुमाल, घामानं चमकणारं कपाळ या सगळ्यात तो हरवून जातो. पण जॅझमधल्या या सर्वांत मोठ्या ट्रम्पेटवादकाची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर त्या व्रणापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. तो कुठल्या वयात काय वाजवत होता, पुढे काय सोडून दिलं, पन्नाशीच्या सुमाराला कार्यक्रमाची मांडणी तशी का केली, या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथं आहेत.

सनईला जिव्हाळी असते. ती खराब झाली की वादक दुसरी बसवतो आणि पुढे वाजवतो. ट्रम्पेटला जिव्हाळी नसते. वाजवणाऱ्याचे ओठ हीच त्याची जिव्हाळी. आपल्या तुतारीचं आणि शिंगाचंही तेच. नळीत नुसती हवा फुंकली तर फक्त हवाच बाहेर पडते. ओठ मिटून, त्यांच्यामधून हवा रेटून त्यांना थरथरायला लावलं, तर त्या थरथरीचा सूर होतो. ट्रम्पेटची नळी सरळ केली तर साधारण दीड मीटर भरते. तिच्या एका टोकाला वाटीसारखा माउथपीस असतो, त्याचा आतला व्यास जेमतेम १६-१७ मिलिमीटर. एवढ्याशा गोलात ओठाचा जो तुकडा येतो, त्याच्यावर सगळं पोट अवलंबून.

बोटांनी दाबायच्या तीन कळा, म्हणजे व्हॉल्व, असतात. दुसरा दाबला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिला दाबला की एका स्वरानं, तिसरा दाबला की दीड स्वरानं. बाकी सगळी चढउतार ओठांनी करायची. एकही व्हॉल्व न दाबता नुसत्या ओठांच्या ताणावर सात-आठ वेगवेगळे सूर निघतात. ट्रम्पेटवादक ज्याला हाय सी म्हणतात तो पेटीवर तार सप्तकातल्या काळी पाचला लागतो, कारण हे वाद्य लिहिलेल्या सुरापेक्षा एक स्वर खाली वाजतं. त्या सुराला ओठ सेकंदाला सुमारे ९३२ वेळा थरथरतो. त्याच्याही वरचा हाय एफ म्हणजे पुढच्या सप्तकातली काळी दोन, सेकंदाला सुमारे १२४५ वेळा.

वर जायचा चांगला मार्ग असा की पोटातून हवेचा रेटा वाढवायचा, ओठांचे कोपरे आवळायचे, जीभ तोंडात किंचित वर उचलायची आणि माउथपीस ओठावर हलकाच टेकवायचा. चुकीचा मार्ग सोपा आहे, म्हणून दमलेला वादक हमखास तिकडे वळतो. डाव्या हातानं वाद्य तोंडाकडे ओढायचं. पितळेची कड ओठाला दातांवर दाबते, ओठ पातळ होतो, सूर वर जातो. पण दाबलेल्या भागातलं रक्त थांबतं. दोन-चार मिनिटांनी ओठ बधिर होतो, सूर फुटायला लागतो, मग वादक आणखी दाबतो. हे रोज घडलं की ओठाला सूज, मग चीर, मग चिरेवर व्रण. व्रणाची कातडी कडक असते, ती नीट थरथरत नाही. तिला हलवायला आणखी दाब लागतो. एकदा या चक्रात सापडलेला माणूस सहजासहजी बाहेर येत नाही.

लुईच्या बाबतीत पाया घालतानाच एक गोष्ट राहून गेली. तो ४ ऑगस्ट १९०१ ला न्यू ऑर्लीन्समध्ये जन्मला. स्वतः जन्मभर ४ जुलै १९०० सांगत राहिला, बाप्तिस्म्याची नोंद त्याच्या मृत्यूनंतर सापडली. लहानपणी तो कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाच्या भंगाराच्या आणि कोळशाच्या गाडीवर काम करायचा, गिऱ्हाइकांना बोलवायला पत्र्याचा भोंगा फुंकायचा. १९१२ च्या शेवटच्या रात्री रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला म्हणून पकडला गेला आणि काळ्या मुलांच्या सुधारगृहात पोचला. तिथं पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकानं त्याला आधी ताल वाद्यं, मग बिगूल, मग कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखंच वाद्य दिलं. शिकवणी मिळाली ती बँडमध्ये उभं राहून वाजवण्यापुरती. माउथपीस ओठावर नेमका कुठे ठेवायचा, यावर वर्षभर कुणी मेहनत घ्यावी अशी ती जागा नव्हती. लुईनं तो ठेवला वरच्या ओठाच्या लाल भागावर, म्हणजे जिथं कातडी सगळ्यांत नाजूक असते तिथं. आवाज मोठा आणि भरदार यायला लागला, मग ठेवण बदलायची गरज कुणाला वाटणार?

१९१९ ते १९२१ तो मिसिसिपी नदीवरच्या बोटींत फेट मॅराबलच्या बँडमध्ये होता, नोटेशन वाचायला तिथं शिकला. ऑगस्ट १९२२ मध्ये त्याचा गुरू जो 'किंग' ऑलिव्हर यानं त्याला शिकागोला बोलावलं, दुसरा कॉर्नेट वाजवायला. एप्रिल १९२३ मध्ये हा बँड इंडियानातल्या रिचमंड गावी गेनेट कंपनीत रेकॉर्डिंगला गेला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या एका मोठ्या कर्ण्यासमोर सगळ्यांनी वाजवायचं आणि ज्याचा आवाज मोठा त्यानं मागे सरायचं. लुईला बाकीच्यांपेक्षा बराच मागे उभं करावं लागलं, ही हकिकत त्या बँडमधल्यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. बँडची पियानोवादक लिल हार्डिन १९२४ मध्ये त्याची बायको झाली. तुझी जागा दुसऱ्या कॉर्नेटची नाही, हे तिनं त्याला पटवलं. मग न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये वर्षभर, आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये परत शिकागो.

त्याच महिन्यात ओके या रेकॉर्ड कंपनीसाठी हॉट फाइव्ह या त्याच्या पाच जणांच्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. कॉर्नेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, बँजो, पियानो. ही मंडळी एकत्र जमायची ती जवळजवळ फक्त रेकॉर्डिंगपुरती. लुईचं रोजचं काम वेगळंच होतं. संध्याकाळी व्हेंडोम थिएटरात मूकपटांना साथ, तिथून रात्री सनसेट कॅफे, ते पार पहाटेपर्यंत. याच सुमाराला त्यानं कॉर्नेट सोडून ट्रम्पेट घेतला. दोघांची नळी सारख्याच लांबीची, पण कॉर्नेटची हळूहळू रुंदावत जाते आणि ट्रम्पेटची बरीचशी सरळ असते, म्हणून ट्रम्पेटचा सूर जास्त धारदार आणि दूरवर जाणारा.

आता एक रेकॉर्ड जवळून ऐकू. २८ जून १९२८, 'वेस्ट एंड ब्लूज'. चाल किंग ऑलिव्हरची. सुरुवातीला कुणाचीच साथ नाही, एकटा ट्रम्पेट. पहिले चार सूर सुटे, ठाय, चार पायऱ्या पक्क्या बांधाव्यात तसे. मग सूर वर झेपावतो आणि वरून वळणं घेत खाली येतो. सगळं मिळून बारा-तेरा सेकंद. लय मोजून दाखवणारं कुणी नाही, तरी ऐकणाऱ्याच्या मनात लय तयार होते. त्यानंतर ब्लूजचा ठरलेला बारा बारांचा साचा सुरू होतो. एक बार म्हणजे चार मात्रा, तेव्हा आपल्या हिशेबात ४८ मात्रा, तीनतालाची तीन आवर्तनं. ट्रॉम्बोन येतो, मग क्लॅरिनेटच्या एकेका ओळीला लुई शब्दांविना गाऊन उत्तर देतो, मग अर्ल हाइन्सचा पियानो. आणि शेवटच्या बारा बारांत ट्रम्पेट येतो तो एकच सूर धरून. काळी पाच, तार सप्तकातली. जवळजवळ चार बार, म्हणजे तीनतालाचं एक अख्खं आवर्तन भरत आलं तरी तो सूर तिथंच. लय विलंबित, त्यामुळे हे दहा सेकंदांच्या पुढे जातं. सूर हलत नाही, पातळ होत नाही, उलट भरत जातो. खाली हाइन्स जीव तोडून स्वरसंगती वाजवत असतो. मग तो सूर एकदम फुटून त्याच्या लडी खाली सांडतात.

हे ज्यानं कधी ट्रम्पेट हातात धरला आहे त्यानं ऐकलं की ओठच आठवतो. त्या उंचीवर सूर नुसता लावणं निराळं आणि धरून ठेवून त्याच्यात आवाज भरत नेणं निराळं. सूर लांबला की हवा कमी पडते, हवा कमी पडली की हात नकळत वाद्य ओढतो. सव्वीस वर्षांच्या त्या ओठात रक्त होतं, ताकद होती, म्हणून भागलं. एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास मावणाऱ्या ग्रामोफोनच्या त्या तव्यावर हे उतरलं आणि जगभर गेलं. मुंबईपर्यंतही आलं. गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ, ज्याला मुंबईनं चिक चॉकलेट या नावानं ओळखलं, तो भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणवला गेला. सी. रामचंद्रांचा तो सहायक होता. त्या काळच्या आपल्या हिंदी गाण्यांत ट्रम्पेट जिथं खोडकरपणे मध्येच डोकावतो, तिथं या तव्यांचं ऋण आहे.

१९२९ नंतर लुई मोठ्या बँडसमोर उभा राहू लागला आणि ओठाचे दिवस फिरले. थिएटरात दिवसाला चार-चार, पाच-पाच खेळ. शेवटी 'शाइन' किंवा 'टायगर रॅग' घ्यायचं आणि हाय सी मारायला सुरुवात करायची. एक, दोन, दहा, पन्नास, शंभर. बँडवाले मोठ्यानं मोजायचे, प्रेक्षक उभे राहायचे, आणि सगळ्यांच्या वर हाय एफ मारून पडदा. हा गंमतीचा भाग लोकांना इतका आवडला की त्याच्याशिवाय खेळ संपेना. हिशेब साधा आहे. एका खेळात शंभर धरले तरी पाच खेळांत पाचशे. मध्ये विश्रांती म्हणावी तर ती तास-दोन तासांची. सुजलेला ओठ पूर्ववत व्हायला रात्र लागते, आणि रात्री पुढच्या गावाची गाडी पकडायची असायची. तेव्हाचा व्यवस्थापक पैसा उकळण्यात गुंतलेला, ओठाची काळजी त्याला नव्हती.

मला वाटतं लुईनं स्वतःच्या प्रतिभेवर सगळ्यांत मोठा अन्याय केला तो याच चार वर्षांत. १९२८ मधला तो एक धरलेला सूर गाण्याच्या गरजेतून आला होता. नंतरचे शंभर सूर मोजून घेण्यासाठी होते.

१९३३ मध्ये तो युरोपात होता. ऑक्टोबरात कोपनहेगनमध्ये त्याचं चित्रीकरण झालं, ते आज पाहायला मिळतं. तो अंगात आल्यासारखा मंचभर फिरतो आणि वाजवायच्या क्षणी एकदम स्थिर होतो. पुढच्याच महिन्यात लंडनच्या हॉलबर्न एम्पायरमध्ये वाजवता वाजवता ओठ फाटला. रक्त शर्टावर आलं. १९३४ मध्ये बरेच महिने तो पॅरिसमध्ये जवळजवळ काहीच न वाजवता राहिला. १९३५ च्या सुरुवातीला अमेरिकेत परतला तेव्हा ओठ बरा नव्हता, डोक्यावर दावे होते आणि हातात काम नव्हतं. शिकागोच्या सनसेट कॅफेचा जुना व्यवस्थापक जो ग्लेझर यानं त्याचा कारभार हातात घेतला, आणि तो ग्लेझरच्या १९६९ मधल्या मृत्यूपर्यंत चालला.

ओठावर तो काय करायचा, हे सोबतच्या वादकांनी सांगून ठेवलं आहे. जून झालेली कातडी तो स्वतःच्या हातानं, टोकदार वस्तूनं कोरून काढायचा. वाचताना अंगावर काटा येतो. पण कडक कातडी थरथरत नाही आणि थरथरल्याशिवाय सूर नाही, हे ज्याला कळलं आहे तो दुसरं काय करणार? पुढे मलम आलं. जर्मनीतल्या फ्रान्झ श्युरिट्झ नावाच्या वादकानं बनवलेलं ओठांचं मलम लुईला इतकं मानवलं की ते त्याच्याच नावानं विकलं जाऊ लागलं. ओठांभोवतीचा गोल स्नायू फाटण्याच्या दुखापतीला डॉक्टरांनी १९८२ मध्ये नाव दिलं तेही त्याच्या टोपणनावावरून, सॅचमो सिंड्रोम. आज असा फाटलेला स्नायू शस्त्रक्रियेनं शिवता येतो. त्याच्या वेळी ती सोय नव्हती.

आणि त्याच्यासमोर किंग ऑलिव्हर होता. ज्या माणसानं त्याला शिकागोला आणलं, त्याच्या हिरड्यांना रोग झाला, दात गेले. दात गेले की माउथपीसला टेकायला आतून आधार राहत नाही, ओठ कितीही शाबूत असला तरी सूर लागत नाही. ऑलिव्हर कामाच्या शोधात दक्षिणेत गावोगाव फिरला आणि शेवटी जॉर्जियातल्या सव्हाना गावात अडकला. १९३७ मध्ये लुईचा बँड तिथं गेला तेव्हा गुरू भाजी विकत होता. लुईनं आणि बँडमधल्या जुन्या मंडळींनी खिशात होते तेवढे पैसे त्याला दिले. १९३८ च्या एप्रिलमध्ये ऑलिव्हर गेला. ट्रम्पेटवाल्याचं तोंड गेलं की काय होतं, हे लुईनं इतक्या जवळून पाहिलं होतं.

त्यानंतरच्या लुईकडे या नजरेनं पाहिलं की पुष्कळ गोष्टी जुळून येतात. १९४७ मध्ये त्यानं मोठा बँड मोडला आणि ऑल स्टार्स हा छोटा ताफा काढला. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, पियानो, बास, ड्रम आणि गायिका व्हेल्मा मिडलटन. जॅक टीगार्डन, बार्नी बिगार्ड, सिड कॅटलेट अशी एकेक नावं. थोड्याच दिवसांत अर्ल हाइन्सही आला. समीक्षकांची तक्रार ठरलेली की कार्यक्रम रोज तोच, क्रमसुद्धा तोच. आता त्या क्रमात ओठ कुठे आहे ते पाहा. सुरुवातीच्या गाण्यांत लुई जोरात वाजवतो. मग एक गाणं तो गातो आणि मध्ये अर्धंच आवर्तन वाजवतो. मग ट्रॉम्बोनवाल्याचा नंबर, मग क्लॅरिनेटवाल्याचा, मग व्हेल्माची दोन गाणी, ड्रमवाल्याचा एकट्याचा भाग. या प्रत्येक ठिकाणी ओठावरून माउथपीस निघतो, रक्त परत येतं. तीस वर्षं वाजवलेल्या ओठाला वर्षातले तीनशेच्या आसपास कार्यक्रम पेलायचे तर याहून शहाणी मांडणी मला सुचत नाही. ट्रम्पेट शिकणाऱ्याला आजही पहिला धडा हाच देतात की जेवढा वेळ वाजवाल तेवढाच वेळ ओठाला विश्रांती द्या. लुईनं तो धडा कार्यक्रमपत्रिकेतच बसवून टाकला होता.

तो गायला लागला ते ओठासाठी, असं मात्र म्हणू नये. न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यावर पोरांच्या चौकडीत तो गायचा तेव्हा हातात कॉर्नेटही नव्हता. त्याचा गळा आणि त्याचा ट्रम्पेट एकाच पद्धतीनं बोलतात. सूर आधी सरळ धरायचा आणि सोडायच्या आत शेवटाला कंप द्यायचा, ही त्याची खूण दोन्हीकडे सापडते.

१९२८ नंतर त्यानं नवं काही केलं नाही, असं म्हणणाऱ्यांनी १९५४ च्या जुलैमधलं डब्ल्यू. सी. हँडीच्या रचनांचं रेकॉर्डिंग ऐकावं. 'सेंट लुई ब्लूज' तिथं जवळजवळ नऊ मिनिटं चालतं. सूर मोजके झालेत, धावपळ गेली आहे. तरुणपणी जिथं दहा सूर यायचे तिथं तीन येतात आणि ते तीन नेमक्या जागी, किंचित मागे रेललेले असे पडतात की उरलेल्या सातांची आठवण होत नाही. थकलेल्या गवयाचा आवाज जसा पुकारांवरून बोलावर येतो, तसं काहीसं. मला स्वतःला हा ट्रम्पेट तरुण लुईच्या इतकाच जवळचा वाटतो. उंच सूर अजून होते, पण आता ते गाण्यानं मागितले तरच निघायचे.

बाहेरच्या जगात नाव वाढतच गेलं. १९५६ मध्ये आत्ताच्या घानात आक्रा इथं त्याला ऐकायला लाखभर लोक जमले. १९५७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या लिटल रॉकमध्ये काळ्या मुलांना शाळेत जाऊ देईनात तेव्हा, इतरांनी ज्याला गोऱ्यांपुढे वाकणारा म्हणून हिणवलं होतं तोच हा माणूस राष्ट्राध्यक्षांवर उघड बोलला आणि सरकारतर्फे ठरलेला सोव्हिएत दौरा त्यानं सोडून दिला. डिसेंबर १९६३ मध्ये 'हॅलो, डॉली!' नेहमीच्या कामासारखं रेकॉर्ड झालं, आणि मे १९६४ मध्ये त्यानं बीटल्सना पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं. तेव्हा लुई बासष्ट वर्षांचा होता. त्या तव्यावर लोकांना गळा आठवतो, पण मधलं ट्रम्पेटचं आवर्तन ऐका. एकही सूर वाया गेलेला नाही.

शेवटी ओठ टिकला, हृदय आणि मूत्रपिंडं थकली. १९६८ च्या सप्टेंबरात तो रुग्णालयात दाखल झाला. डॉक्टरांनी ट्रम्पेट बंद करायला सांगितलं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, कोरोनामधल्या १०७व्या रस्त्यावरच्या त्याच्या साध्या घरात तो सेलमर ट्रम्पेट बाहेर काढून रोज थोडं वाजवत राहिला, कारण ओठ एकदा बसला की परत उठवणं किती अवघड हे १९३५ मध्ये त्यानं अनुभवलं होतं. १९७० मध्ये तो परत मंचावर आला, आधी गायला, मग वाजवायला. १९७१ च्या मार्चमध्ये वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात दोन आठवडे कार्यक्रम केले आणि लगेच हृदयविकाराचा झटका आला. मे महिन्यात घरी सोडलं. ४ जुलैला, त्याच्या स्वतःच्या हिशेबानं, एकाहत्तरावा वाढदिवस झाला. ५ तारखेला बरं वाटत होतं, तेव्हा त्यानं बँडला सरावासाठी बोलवून घ्या म्हणून निरोप दिला. ६ जुलैच्या पहाटे तो झोपेतच गेला.